आठ वाजून चार मिनिटं

सोमवार, ४ तारीख

आणि वर शिक्षक लोक मलाच विचारतात, "मावशी, गेटवर आज एवढा आरडाओरडा कसला?" कसला म्हणजे? दुसरी घंटा झाली, गेट लावलं, आणि ती तिसरीतली नवी पोरगी आपली गज धरून उभी. रोजचंच आहे. आठ वाजून चार मिनिटं. ना तीन, ना पाच. बाकीच्या पोरांना उशीर होतो तो कधी दोन मिनिटं, कधी दहा, कधी होतही नाही. हिचा उशीरसुद्धा वेळेवर. मी तिचं नावच चारमिनिटं ठेवलंय. एका बाजूची वेणी घातलेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, रिबन दातात. धावत येते आणि गेटाशी गपकन थांबते. रडत नाही, बोलत नाही, नुसती बघते. बघणाऱ्या पोरांचा मला फार राग येतो. रडणाऱ्याला दोन शब्द सुनावून आत तरी घेता येतं.

नियम मी केला का? मोठ्या बाईंनी केला. त्या मुख्याध्यापिका झाल्यापासून रोज एक नियम निघतो. दुसऱ्या घंटेनंतर गेट उघडायचं नाही. उशिरा आलेल्यानं परिपाठ संपेपर्यंत बाहेर थांबायचं, नाव लिहून घ्यायचं, तीनदा नाव आलं की त्या दिवशी परत घरी. नियम त्यांचा, शिव्या मला. रस्त्यावरून जाणारे माझ्याकडे बघतात, केबिनकडे कोण बघतं?

नावं लिहायला म्हणून हे जुनं हजेरीपुस्तक माझ्या गळ्यात मारलं. पुढून उशिराची नावं लिहिते. मागून हे माझं. एवढी कोरी पानं रद्दीत घालायची म्हणजे जिवावर येतं. पानभर चौकटी आखलेल्या आहेत, माझं अक्षर काही चौकटीत बसत नाही. अर्ध्या तिसरीतून उठलेल्या बाईनं अजून किती सुबक लिहायचं!

बुधवार, ६

आज तिसरीच्या बाई लाडीगोडी लावायला आल्या. "मावशी, तेवढ्या एकीला सोडा ना आत. माझा वर्ग या महिन्यात शंभर टक्के आहे."

शंभर टक्क्यांचं असं आहे. ज्या वर्गात महिनाभर एकही पोर गैरहजर नाही त्या वर्गाच्या दारावर 'पूर्ण हजेरी' असा रंगवलेला फळा लागतो. खिळा मी ठोकते, फळा मी पुसते, फोटो बाई काढून घेतात. म्हटलं, "मोठ्या बाईंकडून चिठ्ठी आणा, सोडते." गेल्या तोंड वाकडं करून.

माझा दिवस कुणाला दिसत नाही. सकाळी कुलपं काढायची, पाच वर्ग झाडायचे, फळे पुसायचे, टाकी भरायची. कारखान्याचा भोंगा होतो तेव्हा आपल्या घड्याळात सात सदतीस झालेले असतात, आणि टाकी तोवर भरलेली असते म्हणजे असतेच. आठला दहा कमी असताना पहिली घंटा, आठला दुसरी. मग वर्गावर्गातून हजर पोरांच्या आकड्याची चिठ्ठी येते, त्याप्रमाणे जेवणाच्या थाळ्या मांडायच्या, जेवणं झाली की घासायच्या. एकला सुटण्याची घंटा. या शाळेत वेळेवर चालणारी वस्तू एकच, ती म्हणजे मी.

शिक्षक लोकांना वेळ मीच लावली. सहा वर्षांपूर्वी सगळे आठच्या शाळेला सव्वाआठला उगवायचे. तेव्हाचे हेडमास्तर देवमाणूस, कुणाला बोलायचे नाहीत. मी एक दिवस स्टुलावर चढले आणि ऑफिसातल्या घड्याळाचा काटा पुढे ढकलला. पाच मिनिटं ढकलणार होते, हात जरा जास्त गेला, सात झाली. आठवडाभर बोंबाबोंब झाली, मग सगळे सुतासारखे सरळ. शाळा सुटतेही सात मिनिटं आधी, पण त्याबद्दल मात्र आजवर एकाच्या तोंडून ब्र निघालेला नाही. नवी पोरं आली की आठ दिवस ओरडा खातात आणि शिकतात. घरचं घड्याळही मी शाळेच्या घड्याळाला लावून घेतलंय, घोळ नको. नवरा म्हणतो, "बाहेर किती वाजले ते रेडिओ सांगतो, घरात किती वाजले ते तुलाच विचारावं लागतं." म्हटलं, तुम्ही बसून रेडिओ ऐका. तुमच्या दोन्ही घड्याळांत चहाचीच वेळ झालेली असते.

शुक्रवार, ८

नव्या पोरांची मी आठ दिवस नावं लिहीत नाही; हिचं बुधवारपासून लिहायला लागले, तिसरं झालं आज. गेटाबाहेर जाऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"घड्याळ कळत नाही का गं तुला?"

"कळतं."

"मग लवकर निघायला काय होतं?"

"भोंगा झाल्यावर आई येते. मग निघता येतं."

"भोंग्याचा आणि शाळेचा काय संबंध? शाळा घंटेवर चालते."

तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मला आत परिपाठाला पेटी नेऊन ठेवायची होती, पहिलीतलं एक पोर ओकलं होतं त्यावर माती टाकायची होती. तिची कहाणी ऐकत कोण बसणार? म्हटलं, "हे बघ, रोज रोज उशीरच करायचा असेल तर येऊच नको. घरी बस."

"बरं," म्हणाली. एवढंच. आणि वळून गेली. चालत गेली, धावत नाही.

वळून बघितलं तर तिसरीच्या बाई खिडकीत.

शनिवार, ९

काय एकेक माणसं असतात! एकला शाळा सुटली. शनिवारी एक ते दीड पालकांना भेटायची वेळ, तसं गेटावरच्या फलकावर लिहिलंय. पण पाच मिनिटांत कुणी आलं नाही की शिक्षक लोक वाट बघत नाहीत, पिशव्या उचलतात. मी वर्ग बंद करून गेटाला कुलूप घालतेय तर एक बाई धापा टाकत आली. अंगात कामावरचा निळा कोट, डोळे झोपेनं लाल, कडेवर पोर.

"पालकांना आज भेटता येतं ना?"

"एकला येतं. एक वाजून सहा मिनिटं झालीत. वाचता येतं तर पाळताही यावं."

तिनं मनगट पुढं केलं. "माझ्यात अजून एकला एक मिनिट कमी आहे, बाई."

"मग ते दुरुस्तीला टाका," म्हटलं, आणि कुलूप दाबलं.

कुठल्या पोराची आई, तेही विचारलं नाही. कशाला? पुढच्या शनिवारी येईल गरज असेल तर. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. हल्ली त्याला माझे विनोद कळत नाहीत.

सोमवार, ११

गेटावर शांतता. आठ वाजून चार मिनिटांनी सवयीनं मान वर केली, तर समोर नुसता रस्ता. एक कटकट गेली.

गुरुवार, १४

तिसरीच्या वर्गातून चिठ्ठी आली एकतीसची. एकतीस थाळ्या मांडल्या. धुवायला आल्या तेव्हा एक कोरडी. खरकटं नाही, हात लावल्याची खूण नाही. आधी वाटलं, कुणाचं पोट दुखत असेल. मग आठवलं, परवाही एक कोरडी होती. आणि सोमवारीही. सोमवारी मी ती तशीच मांडणीवर ठेवून दिली होती, एक घासायची वाचली म्हणून खुशीत.

मंगळवार, १९

रोज एक. एकही दिवस चुकली नाही. पोरगी होती तोवर चार मिनिटं उशिरा यायची, आता तिची थाळी मात्र वेळेवर येते.

आज मधल्या सुट्टीत तिसरीच्या वर्गात शिरले, टेबलावर हजेरीपुस्तक होतं ते उघडलं. मला सगळं वाचता येत नाही भरभर, पण हजर आणि गैरहजर ओळखायला काही मोठी शाळा लागत नाही. तिच्या नावापुढे आठ तारखेपासून आजपर्यंत हजर, हजर, हजर. निळ्या शाईत, एका वळणाचं. पोर गेटातून आत आलेली नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला?

बाई आल्याच. मी पुस्तक मिटलं नाही.

"मावशी, काय बघताय?"

"ही पोर कुठंय?"

"येईल हो. पोरंच ती, चार दिवस येत नाहीत, मग येतात. महिनाअखेरीला तपासणीचे साहेब येणार. अख्ख्या शाळेत माझाच वर्ग शंभर टक्के आहे. एकीसाठी घालवू का?"

"हजर दाखवली तर तिला बघायला कोण जाणार? गैरहजर असती तर तुम्हाला तरी तिच्या घरी जावं लागलं असतं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं. आवाज अगदी मऊ. "तिला घरी बस कोण म्हणालं, मावशी? मी खिडकीत होते."

तरण्याताठ्या पोरीनं चार शब्दांत माझं तोंड बंद केलं. मी, जी चार माणसांना पुरून उरते, ती बादली उचलून बाहेर आले. बादलीत पाणी नव्हतंच.

बुधवार, २०

मी तिसरीत होते तेव्हा मला भावाला काखेला मारून शाळेत जावं लागायचं. आई शेजारपाजारची धुणी करायची, त्याला ठेवणार कुठं? तो वर्गात रडायचा. एक दिवस गुरुजी म्हणाले, "भाऊच सांभाळायचा असेल तर घरी बस." मी बसले. मला काही वाईट वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं, पाढे सुटले. नंतर कुणी बोलवायला आलं नाही एवढंच. गुरुजींचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो.

हे आज का लिहिलं कुणास ठाऊक. थाळ्या घासून मनगट दुखतंय, त्यामुळे झोप नाही.

शनिवार, २३

ऑफिसातल्या दाखल्याच्या फायलीतून तिचा पत्ता काढला. शाळा सुटल्यावर गेले. घरी सांगितलं नाही.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून खोल्यांची रांग आहे. समोर दोरीवर निळे कोट वाळत घातलेले, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर पडलेला, माणसं उभी असल्यासारखी. कुठली खोली ते विचारायची वेळच आली नाही. लांबूनच ओरडणं ऐकू आलं.

"घंटा झाली! गेट बंद! किती वेळा सांगायचं? उशीरच करायचा असेल तर येऊच नको, घरी बस!"

आवाज लहान पोरीचा. पण बोलणं माझं. तो 'घरी बस' म्हणताना शेवटी मारलेला हेलसुद्धा माझा. मी मेलीनं मला कधी ऐकलं नव्हतं.

दारात ती. समोर दीड वर्षाचं बाळ चटईवर बसवलेलं, हातात चमचा आणि पालथी थाळी. ती घंटा. बाळ खुदखुदून हसत होतं. त्याला ओरडा खायची फार हौस दिसली. मला बघितलं आणि ती उभी राहिली. दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या, दोन्ही रिबनी सारख्या. आता वेळ आहे ना घालायला.

"मी घरीच बसते, मावशी," म्हणाली. तक्रार नव्हती बोलण्यात. सांगितलं तसं केलंय, हे दाखवत होती.

बाजूला वहीत चौकटी आखलेल्या. म्हटलं, "हे काय?"

"बाळाची हजेरी. बाळ रोज हजर असतं."

आतून आई आली, झोपेतून उठून. मी ओळखलं आणि तिनंही. तीच. मनगट पुढं करणारी. मला वाटलं, आता माझा उद्धार करेल. मी तयार होते, मला भांडता येतं. पण ती म्हणाली, "या, बसा." आता भांडायचं कुणाशी?

मग तिनं सांगितलं. रात्रपाळी साडेसातला सुटते, भोंगा होतो. सात चाळीसला ती दारात. तोवर बाळ पोरीकडे, त्याला टाकून पोरीला केसही विंचरता येत नाहीत. आईनं बाळ घेतलं की पोर सुटते ती थेट शाळेकडे. सतरा मिनिटं लागतात.

"मी मोजलंय, बाई. सात सत्तावन्नला गेटाशी असते माझी पोर. तीन मिनिटं आधी. शाळा सुटल्यावर रोज रडत घरी यायची, म्हणून एक दिवस मी तिच्या मागून आले. रस्त्याच्या पलीकडून बघितलं. ती पोचायच्या आधीच तुम्ही गेट लावलंत. मला वाटलं, नव्या पोरांशी असंच करत असतील."

सात सत्तावन्न. आणि आमच्या घड्याळात आठ वाजून चार मिनिटं. वजाबाकी मी तिसरीपर्यंतच शिकले, पण एवढी येते.

त्या पोरीला एक दिवसही उशीर झालेला नाही. एकही दिवस.

आणि तिची आई त्या शनिवारी एकला एक मिनिट कमी असताना आली होती. खरंच कमी होतं.

माफी मागायची सोडून मी पाणी मागितलं. पोरीनंच आणून दिलं. मी म्हटलं, "पाठवा तिला." आई म्हणाली, "आता कशी पाठवू? तुम्ही घरी बस म्हणालात, ती बसली. मग मी दिवसपाळी मागून घेतली. दोन तारखेच्या सोमवारपासून साडेसात ते साडेतीन. रात्रपाळीनं माझे डोळे जायला लागलेत. पोरगी घरी आहेच, बाळाला बघेल. मला येत्या शनिवारी सही करायची आहे."

"आणि ती शाळेत यायला लागली तर?"

"तर मी सही करत नाही. रात्रपाळी करेन अजून. पण रोज गेटावरून परत येणार असेल तर कशासाठी डोळे घालवू?"

निघताना पोर म्हणाली, "मावशी, तिसरीच्या बाई माझी हजेरी घेतात का?" मी म्हटलं, "घेतात." खोटं नव्हतं ते. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रविवार, २४

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं रेडिओ बंद केला, हे लग्नानंतर बहुतेक दुसऱ्यांदा. म्हणाला, "सात मिनिटं पुढं राहून तुला मिळालं काय गं?" मी म्हटलं, "शिक्षक वेळेवर यायला लागले." तो म्हणाला, "ते मोठे होते. त्यांना पगार होता. ते धावले असते तरी चाललं असतं."

घरचं घड्याळ काढून बरोबर लावलं. दिवस सात मिनिटांनी लांबला. त्यांचं काय करायचं ते सुचेना, नुसती बसून राहिले.

सोमवार, २५

मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाल्या नाहीत, मीही बसले नाही. सगळं सांगितलं: घड्याळ, चार मिनिटं, घरी बस म्हटलं ते, कोरडी थाळी, निळ्या शाईतली हजेरी. काहीही ठेवलं नाही पोटात.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, डोळे पुसतील. चष्मा पुसला.

"बरं झालं सांगितलंत. साहेब शनिवारी येताहेत. या पोरीचं नाव आपण कमी करू. पालक गाव सोडून गेले असं दाखवू. म्हणजे पट तीस, हजर तीस. कुणाच्याच अंगाशी येणार नाही, तुमच्याही."

"ती गाव सोडून गेली नाही. कारखान्याच्या मागं आहे. सतरा मिनिटांवर."

"मावशी, कागदावर म्हणतेय मी."

"मग घड्याळ तेवढं मागं घेऊ या. खऱ्या आठला शाळा भरवा. ती येते तेव्हा तीन मिनिटं हातात असतात तिच्या."

"आणि सहा वर्षं शाळा सात मिनिटं आधी का भरत होती, आधी का सुटत होती, याचा खुलासा साहेबांपुढं कोण करणार?"

"मी करते. काटा मी फिरवलाय."

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान पोराला हसावं तसं. "तुम्हाला कोण विचारतंय, मावशी?"

खरंय. मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मी आपली न विचारता बोलत आले, आणि जिथं गप्प बसून ऐकायला हवं होतं तिथंही बोलले.

मंगळवार, २६

सकाळी कुणी यायच्या आत स्टूल घेतलं, चढले, काटा सात मिनिटं मागे घेतला. या वेळी हात जास्त जाऊ दिला नाही. घंटा खऱ्या आठला दिली. सगळी पोरं केव्हाच आत, आणि शिक्षक मंडळी व्हरांड्यात उभी, एकमेकांची तोंडं बघत. "मावशी, घंटा विसरलात का?"

चौथ्या तासाला घड्याळ बघितलं तर परत पुढे. स्टूल कोपऱ्यात होतं तिथंच, पण त्यावर उंच टाचेच्या चपलेचा ठसा. कुणाची, ते मी विचारलं नाही. पाच बायकांच्या टाचा आहेत आणि पाचहीजणींना सुटायची घाई असते. एकची घंटा बारा त्रेपन्नला द्यावी लागली, पोरं दप्तरं घेऊन दारात येऊन उभीच होती.

दुपारी परत कारखान्यामागे. पोर दाराशीच होती. आई झोपलेली, म्हणून हळू बोलले. मला हळू बोलता येत नाही, घशात खवखव होते.

"उद्या ये शाळेत."

"किती वाजता?"

"आठला."

तिनं विचार केला. मग अगदी शहाण्यासारखं विचारलं, "कुठल्या आठला?"

उद्या तिला आठ म्हणावं आणि परवा कुणी काटा फिरवला तर? दुसऱ्यांदा गेटावरून परत पाठवली तर ती परत येणार नाही. मी नव्हते गेले.

म्हटलं, "विचारून सांगते."

बाळानं मला चमचा दिला. घंटा वाजव म्हणून. वाजवली.

बुधवार, २७

मोठ्या बाईंना,

हेही उशिराच्या वहीत मागच्या बाजूनंच लिहिते आहे, कारण वही तुमच्याच टेबलावर ठेवणार आहे. पुढून तुमची नोंद आहे, मागून माझी. दोन्ही वाचा. अक्षर लागलं नाही तर मला हाक मारा, वाचून दाखवीन. पुढच्या बाजूला त्या पोरीचं नाव तीनदा आहे. तिन्ही खोटी आहेत. मी त्यावर काट मारून खाली अंगठा उठवलाय. सही येते मला, पण सही करून लोक काय काय लिहितात ते बघितलं, म्हणून अंगठा.

घरी बस मी म्हणाले. तुम्ही नाही, तिसरीच्या बाई नाहीत. त्याची काय शिक्षा असेल ती मला द्या, गेटाची चावी काढून घ्या, मी हू का चू करणार नाही. पण ती पोर गाव सोडून गेली असं लिहिलंत तर ती खरंच जाईल. घरातल्या घरात जाईल. मी गेले होते, मला ठाऊक आहे. कुणाला दिसतही नाही, एक थाळी तेवढी कोरडी राहते. आमच्या वेळी थाळ्याही नव्हत्या.

तिची आई शनिवारी सकाळी दिवसपाळीची सही करणार. ती सही झाली की सोमवारपासून बाळ पोरीच्या कडेवर, आणि मग तुम्ही घड्याळ सोन्याचं लावलंत तरी उपयोग नाही. मला शुक्रवारीच तिच्या दारात जाऊन सांगायचं आहे. तिनं एकच प्रश्न विचारलाय आणि तो मला सुटत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात.

नाव कमी करू नका. ते होणारच असेल तर एवढं ध्यानात ठेवा, शनिवारी साहेब येतील तेव्हा त्यांना पहिली मी भेटते. गेट मी उघडते. त्यांनी विचारायची मी वाट बघणार नाही.

शाळा कुठल्या आठला भरते, ते मला शुक्रवारी एक वाजायच्या आत सांगा. ऑफिसातल्या एकच्या नाही. रस्त्यावरच्या एकच्या.